हनुवटीवरचे केस

स्थळासाठी फोटो काढायला वहिनी मला मंगळवार पेठेतल्या एका स्टुडिओत घेऊन गेली, तो दिवस मला वासासकट आठवतो. खोलीत कसलातरी गुलाबी सेंट फवारला होता आणि त्याच्याखालून ओल्या गालिच्याचा कुबट वास येत होता. माझं नाक असल्या बाबतीत जरा जास्तच तिखट आहे. कामच ते आहे. एका दूध संघाच्या प्रयोगशाळेत मी दूध तपासते. यंत्रं आहेत, पण कॅनचं झाकण उघडलं की पहिल्यांदा नाक पुढं करायचं असतं. दूध बिघडायला लागलं की यंत्राच्या आधी नाकाला कळतं, आणि मी मान हलवली की तो कॅन बाजूला होतो.

फोटोवाल्यानं मला निळ्या पडद्यापुढं स्टुलावर बसवलं. "ताई, हनुवटी जरा खाली. आनि खांदं आत घ्या की थोडं."

खांदे आत कुठं घेणार? मी हाडापेरानं रुंद आहे. कॉलेजात कबड्डी खेळत होते तेव्हा या खांद्यांचं कौतुक व्हायचं, स्थळं बघायला लागल्यापासून त्यांची अडचण व्हायला लागली. आणि खांद्यांपेक्षा मोठी अडचण म्हणजे तोंडावरचे केस. ओठांवर लव नाही, मिशीच. हनुवटीवर राठ, काळे केस, गळ्यापर्यंत उतरलेले. डॉक्टरनी पाळीचा आजार सांगितला, गोळ्या दिल्या. गोळ्यांनी पोट बिघडलं, केस आहे तिथंच राहिले. दर आठवड्याला दोरा, नाहीतर मेण. आदल्या दिवशीच दोरा फिरवला होता, तरी हनुवटी हिरवट दिसत होती आणि पुरळ उठलं होतं.

फोटो काढून झाल्यावर त्यानं तो कॉम्प्युटरवर उघडला आणि माऊस फिरवायला लागला. आधी ओठांवरची सावली गेली. मग हनुवटी गेली, तिच्या जागी दुसरी, निमुळती आली. वहिनी पडद्यावर बोट ठेवून सांगत होती, "हितं पन. आनि ह्यो गळा बघा की." त्यानं गळा दोन्ही बाजूंनी दाबला, कणकेचा गोळा दाबावा तसा. मग खांदे खाल्ले. शेवटी रंग उजळला. पडद्यावर एक गोरी, बारीक, घाबरट बाई माझा कुर्ता घालून बसली होती.

"आत्ता कशी पोरगी दिसतीया," वहिनी म्हणाली.

माझ्या तोंडाला पाणी सुटलं, उलटीच्या आधी सुटतं तसं. बाहेर येऊन मी गटारात थुंकले.

"काय झालं गं? पित्त झालंय व्हय?"

"व्हय," म्हटलं.

वहिनी वाईट बाई नाही, हे सांगायला पाहिजे. नणंदेचं लग्न आपण जमवलं असं चार लोकांनी म्हणावं, एवढीच तिची हौस. त्या फोटोला तिनं खरोखर मायेनं कुंकवाचं बोट लावलं आणि फोनवरच्या सगळ्या वधू-वर ग्रुपवर तो पाठवून दिला.

महिन्याभरात गडहिंग्लजकडचे पाहुणे आले. मुरगूडजवळ आमचं गाव, तिथं दादाच्या घरी कार्यक्रम ठेवला होता. मुलगा, त्याचे वडील आणि त्याची मोठी आत्या, जिला सगळे अक्का म्हणत होते. पोहे झाले. अक्कांनी फोन काढला, माझा फोटो उघडला, माझ्याकडं बघितलं, परत फोटो बघितला. मग उठून माझ्याजवळ आल्या, माझी हनुवटी चिमटीत धरली आणि माझं तोंड दाराच्या उजेडाकडं वळवलं. बैलाचे दात बघतात, तेवढ्याच निर्विकारपणे. त्यांची बोटं तेलकट होती, पोह्यांच्या हळदीनं पिवळी झालेली.

"ह्ये न्हवतं की फोटूत," त्या म्हणाल्या.

मुलगा दाराबाहेर काढलेल्या स्वतःच्या चपलांकडं बघत होता. स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती, तिनं पदर तोंडावर घेतला. आई नेहमीच चारचौघात पदर तोंडावर धरायची, गावात त्याला मर्यादा म्हणायचे.

पाहुणे गेल्यावर मी मोरीत जाऊन साबणानं हनुवटी घासली. कोल्हापूरच्या एसटीत बसले तरी हळदीचा आणि तेलाचा तो वास नाकातून जाईना.

कोल्हापुरात मी एकटी राहत नव्हते. कळंब्याला दोन खोल्यांचा फ्लॅट होता, आणि त्यात ती होती. ती पुण्याची, इथल्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट. घरमालकाच्या लेखी आम्ही नोकरीवाल्या दोन मुली, घरच्यांच्या लेखी रूममेट. आतल्या खोलीत दोन लोखंडी कॉट जोडून ठेवलेले असायचे. कुणी येणार असलं की आम्ही ते ओढून लांब करायचो आणि मधे प्लास्टिकचं टेबल ठेवायचो.

आमच्याकडं बायका स्वतःबद्दल बोलताना 'मी जातो, मी येतो, मी दमलो' असंच म्हणतात. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मी शहरात शिकायला आले तेव्हा बाईंनी वर्गात उभं करून ते सुधारायला लावलं, म्हणून हे सगळं मी 'गेले, आले' करून लिहिते आहे. घरात मात्र मी जुनंच बोलायचे आणि तिला ते फार आवडायचं. "परत म्हण ना, दमलो," म्हणून ती मागं लागायची. माझ्या बोलण्यातला बापय, म्हणजे पुरुष, तिला चालत होता. तोंडावरचा चालत नव्हता, हे मला उशिरा कळलं.

अक्कांची गोष्ट ऐकून ती भयंकर चिडली. "हिंमत कशी होते यांची?" असं म्हणत घरभर फिरली. आणि मग तिनं मेण तापवायचं भांडं लावलं. "ये, बस. मी हलक्या हातानं करते." दर रविवारी तीच करायची, मांडीवर वर्तमानपत्र पसरून, फुंकर घालत. त्या दिवशी पहिल्यांदाच मी म्हटलं, "ऱ्हाऊ दे आज."

"का?"

"कट्टाळा आलाय."

पुढच्या रविवारीही मी तेच सांगितलं.

तिच्या वडिलांचा एक जुना कॅमेरा कपाटावर शोभेला ठेवलेला होता. वरून खाली मान घालून बघायचा, एकावर एक दोन भिंगांचा. मी तो उतरवला, पुसला. मुंबईहून कुरिअरनं काळ्या-पांढऱ्या फिल्मचे रोल मागवले. फिल्मच का, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, फोटो फोनमध्ये ठेवला की दादाची पोरं बोट फिरवून बघतात. हे खरं होतं, पण पूर्ण नव्हतं. माझ्या डोळ्यांदेखत माझे खांदे खाल्ले गेले होते. मला असं काहीतरी हवं होतं की ज्यात मी बघत असताना कुणालाच, मलासुद्धा, काही पुसता येणार नाही.

केस वाढायला लागले. हे काही धाडस वगैरे वाटत नव्हतं. खाज सुटायची. ताक प्यायलं की थेंब हनुवटीला अडकून राहायचा. प्रयोगशाळेत एकीनं हळूच विचारलं, "बरं न्हाई काय तुला?" दुसरीनं डबा खाताना जागा बदलली. माझा हात सारखा तिकडं जायचा आणि बोटांना ते राठ लागलं की माझ्याच अंगावर काटा यायचा. मला स्वतःची किळस येत होती. इतकी वर्षं दुधात हेच शोधायला शिकले होते, की काय नको, काय बाजूला काढायचं. तीच नजर आरशात माझ्यावर लागायची.

एका रविवारी ती ड्यूटीला गेलेली असताना मी बाल्कनीच्या दाराजवळ स्टूल ठेवलं, समोर टेबलावर पुस्तकांच्या चळतीवर कॅमेरा. त्याला एक बारीक दांडी असते, ती दाबली की थोडा वेळ घरघर करून तो आपोआप फोटो घेतो. तेवढ्या वेळात जाऊन बसायचं. आधी कपड्यांत बसले. मग कुर्ता काढला. मग सगळंच. मानेवरचा काळा पट्टा, बेंबीपासून खाली उतरलेली केसांची रेघ, मांडीवरच्या फाटलेल्या खुणा, पोटाची वळी. एवढ्या उजेडात मी स्वतःला कधी बसवलंच नव्हतं. अंघोळ करतानासुद्धा मी भिंतीकडं बघते.

शेवटचा एक फोटो उरला असताना ती आली. मला तसं बघून दारातच थबकली. मग हसली, बॅग टाकली आणि हॉस्पिटलच्या कपड्यांतच खाली बसून माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. मी उठून दांडी दाबली आणि परत येऊन बसले, तिनं पुन्हा डोकं टेकलं. घरघर चालू असताना तिनं तोंड भिंतीकडं वळवलं. मला वाटलं, ओळखू येऊ नये म्हणून.

रोल धुवायचं मी इंटरनेटवर बघून शिकले. बाथरूमची खिडकी काळ्या प्लास्टिकनं बंद केली. रसायनांचा वास भयंकर. एक आंबलेला, व्हिनेगरसारखा, दुसरा जुन्या गंधकाच्या पाण्यासारखा, आणि हातांना तो दोन दिवस राहायचा. एक रोल माझ्या हातून चिकटून वाया गेला होता, पण हा नीट निघाला. ओली पट्टी मी ट्यूबलाइटपुढं धरली. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं, काळं ते पांढरं आणि उजळ ते काळं. त्या चौकोनात एक काळा चेहरा होता आणि त्याला पांढरी दाढी होती.

मी दचकले. ते माझे वडील होते. शेवटच्या दुखण्यात त्यांची दाढी वाढली होती, अगदी तशी. तोच जबडा, तीच हनुवटी मधे किंचित खचलेली. लहानपणापासून घरात सगळे म्हणायचे, ही कुणावर गेली कळत नाही. मी बादली पालथी घालून तिच्यावर बसले आणि पट्टी हातात धरून बघत राहिले. त्या वेळी मला किळस आली नाही. हे लिहून ठेवते, कारण असं क्वचितच होतं.

मग मी फोटोच्या कागदावर निगेटिव्ह ठेवून, वरून काच दाबून, तेवढ्याच आकाराचे छोटे चौकोनी प्रिंट काढले. तांबड्या बल्बच्या उजेडात रसायनाच्या ट्रेमध्ये पोट उमटलं, मग छाती, मग हनुवटी. माझ्याच तोंडून "शी" निघालं.

तिनं ते बाथरूममधल्या दोरीवर चिमट्यांना लावलेले बघितले. "उजेड चांगला पकडलायस," म्हणाली. मग, "कुणाला दाखवणार नाहीस ना?" आणि ब्रशवर पेस्ट घेऊन माझ्याकडं पाठ करून दात घासायला लागली.

त्याच आठवड्यात एका सकाळी दार वाजलं. दारात आई. दाढ दुखत होती म्हणून पहिल्याच गाडीनं आली होती, फोन न करता. माझी पुण्याची ती तेव्हा हॉस्पिटलात ड्यूटीवर होती. आई पिशवी ठेवून पाय धुवायला सरळ बाथरूममध्ये गेली. मी चहाला आधण ठेवलं आणि एकदम आठवलं. नळाचा आवाज येत नव्हता.

आई बाहेर आली तेव्हा तिच्या हातात एक प्रिंट होता.

"ह्ये काय हाय?"

"फोटो."

"कुणी काढला?"

"मीच."

"बापयानं न्हाई न्हवं?"

"न्हाई."

तिच्या चेहऱ्यावरचा ताण जरा उतरला. मग तिनं फोटो परत बघितला. "उघडी बसलीस ती बसलीस. आनि ह्ये गं?" तिचं बोट हनुवटीवर टेकलं. "ह्ये तरी काढायचं हुतंस की आधी. शी!"

मग आईनं पदर खाली सोडला आणि मान वर केली. मी तिची हनुवटी इतक्या जवळून कधी बघितलीच नव्हती. कातडीत काळे ठिपके, उपटून उपटून झालेले खड्डे, एका बाजूला पिकलेला फोड.

"तुज्या बापाला बी म्हाईत न्हवतं. सकाळी उठलं की गोठ्यात जायचं, शेण भरायच्या आधी चिमट्यानं उपटायचं. म्हशीला तेवडं म्हाईत. जलमभर लपिवलं मी, आनि तू त्येचा फोटू काढून दोरीवर वाळत घालतीस?"

मी हात पुढं केला, तिच्या हनुवटीकडं. तिनं फटकन हातावर मारलं.

"हात लावू नगंस. घाण हाय ती."

चहा उतू गेला. मी गॅस बंद करायला वळले तेवढ्यात ती परत बाथरूममध्ये गेली आणि दुसरा प्रिंट घेऊन आली. मांडीवर डोकं असलेला.

"ही ती पुन्याची?"

"व्हय."

आईनं आतल्या खोलीकडं बघितलं. कॉट जोडलेले होते, वर एकच मोठी चादर. ती दारातच उभी राहिली. म्हशीच्या पोटाकडं बघून किती महिने झाले सांगणारी बाई ती, तिला काय सांगायचं? मी शिव्यांची वाट बघत होते. पण तिनं विचारलं ते अगदी साध्या आवाजात, पाणी किती वाजता येतं विचारावं तसं.

"तिला किळस न्हाई येत तुजी?"

"येती," मी म्हणाले.

बोलून गेले आणि तेव्हाच मला ते कळलं. दर रविवारचं वर्तमानपत्र, हलका हात, फुंकर, भिंतीकडं वळवलेलं तोंड.

आईनं मान हलवली. फोटो टेबलावर पालथा ठेवला आणि म्हणाली, "चल, दाढ ठणकतीया." दवाखान्यात नंबर येईपर्यंत आम्ही शेजारी बसलो होतो. ती एवढंच म्हणाली, "वहिनीला सांगू नगंस."

आई गेल्यावर, ती ड्यूटीवरून आली तेव्हा मी तिला सरळ विचारलं. ती आधी रागावली, मग रडली. "मी प्रयत्न करते गं. तू मला खूप आवडतेस. पण ते गालाला लागलं की मी डोळे मिटून घेते. मला स्वतःचीच लाज वाटते त्याची." शरीर ज्याचं त्याचं असतं, असं ती मैत्रिणींशी फोनवर तावातावानं बोलायची, आणि ते खोटं नव्हतं. कुणीतरी तिच्याही अंगात ही शिसारी घालून ठेवली होती. मला ते समजत होतं. समजून मला बरं वाटलं असं मात्र नाही. माझ्याजवळ झोपताना कुणीतरी डोळे मिटून सहन करतं आहे, याचीच मला इतकी किळस आली की त्या दिवसापासून मी माझा कॉट ओढून लांब केला.

काही महिन्यांनी तिनं पुण्यात नोकरी धरली. जाताना म्हणाली, "कॅमेरा ठेव तुला." मेण तापवायचं भांडं तिनं बरोबर नेलं.

इकडं वहिनीनं तोच स्टुडिओतला फोटो आणखी एका ग्रुपवर टाकला. त्या ग्रुपमध्ये मीही होते. त्या रविवारच्या रोलमधला कुर्ता घातलेला प्रिंट मी निवडला, हनुवटी स्पष्ट दिसणारा, फोननं त्याचा फोटो घेतला आणि त्याच ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'खरा फोटो हा आहे. मला लग्न करायचं नाही.' कुणीतरी हसणारी तोंडं पाठवली. कुणीतरी विचारलं, 'हे पावणं कोण?' एकानं ओकणाऱ्या तोंडाचं चित्र टाकलं. मग मला ग्रुपमधून काढलं. दादाचा फोन आला, "तोंडावर शेण फासलंस आमच्या." मी म्हटलं, "तोंड माजं हाय." त्यानं फोन आपटला.

दोन दिवसांनी वहिनी स्वतः आली. रडत होती. "तुजं चांगलं करायला गेलतो मी. सगळ्यांनी मला विचारलं, ही अशी हाय व्हय, लपिवलंसा का म्हणून."

"तुज्यावर राग न्हाई वहिनी. पन त्या फोटूतली बाई मी न्हवं."

तिनं डोळे पुसले, बंद दाराकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "खरं सांग. तू तसली हायस काय?"

'तसली' म्हणजे काय हे तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. "व्हय," म्हटलं.

मी तिच्यापुढं चहा ठेवला होता. तिनं तो हात न लावता तसाच ठेवला. निघेपर्यंत त्यावर साय धरली. जाताना तिनं पदर सावरून घेतला, दारातून जाताना माझा धक्का लागू नये एवढा जवळ.

आता मी एकटीच राहते. प्रयोगशाळेत मास्क लावायचा नियम आहे, त्यामुळं तिथं फारसं कुणाला काही बघावं लागत नाही. डबा खाताना मास्क काढते, तेव्हा टेबलावर गप्पा थोड्या थांबतात आणि परत सुरू होतात. रोल मी अजून काढते. पाठ, काखा, पाय, हनुवटी. किळस गेली आहे असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. एखादा प्रिंट ट्रेमध्ये उमटताना अजून घशाशी येतं. पण मी तो बाहेर फेकत नाही, पूर्ण उमटू देते, धुते आणि लावते.

आई कवळीच्या मापासाठी अधूनमधून येते. मुक्कामालाही राहते. ती पुन्याची कुठं गेली, असं तिनं एकदाही विचारलं नाही. सकाळी टॉवेल खांद्यावर टाकून बाथरूमच्या दारात उभी राहते आणि तोंड फिरवून म्हणते, "ती घाण काढ आदी, मग आंगूळ करतो मी."

मला राग येतो. मी एकेक चिमटा काढून प्रिंट उतरवते आणि आत गादीवर पसरून ठेवते. आई आत जाऊन कडी लावते. बादली भरल्याचा आवाज येतो, मग बराच वेळ काहीच आवाज नसतो. आरसा तिथंच आहे आणि खिडकीचं काळं प्लास्टिक मी दिवसा काढून ठेवते, उजेड चांगला येतो. मी दार वाजवत नाही. चहा परत गरम करते.

ओल्या केसांना टॉवेल गुंडाळून ती बाहेर येते, पदर तोंडावर धरलेला. माझ्याकडं न बघता म्हणते, "झालं माजं. लाव जा तुजं परत."